खालीला टाळी नसते

फेब्रुवारीतला शुक्रवार, मनामा.
शाळेचं सभागृह चार तासांपुरतं आमचं.
परवानगीच्या कागदावर तीन शिक्के,
हेतूच्या रकान्यात माझ्याच अक्षरात:
परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्यांसाठी गाणं.
शिक्का मारणाऱ्याने दोनदा वाचलं.
"गाण्याने भाडं कमी होतं?"
म्हटलं, नाही साहेब, अनामत भरता येते.

गुदैबियातल्या चार मजली इमारतीवर
डिसेंबरात नोटीस लागली होती,
अरबीत, इंग्रजीत,
आणि कुणीतरी पेन्सिलने तळाशी: खाली करो.
माणसं एकशे अठरा.
पलंग एकसष्ट.
हिशेब चुकलेला नाही, मी खजिनदार आहे.

गायला वैजयंती केळुसकर, रुग्णालयातून थेट,
केसांना अजून जंतुनाशकाचा वास.
पेटीवर लेलेकाका,
ज्यांच्या घरात पेटीला वेगळी खोली आहे.
तबल्यावर शौकत परकार, दाभोळचा,
दिवसा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो
दुसऱ्यांच्या समुद्राकडे तोंड करून.
बोटांवर पत्र्याचे चरे.
शाईवर हात टाकण्याआधी
दातांनी चिकटपट्टी तोडतो, गुंडाळतो,
मग धा इतका स्वच्छ की
एसीची घरघर ओशाळते.

पुढे पंचवीस दिनारवाले,
मागे दोन दिनारवाले,
आणि भिंतीला टेकून ते, ज्यांच्यासाठी हे सगळं.
त्यांना तिकीट नव्हतं,
म्हणून खुर्चीही नव्हती.
हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मध्यंतरात प्रमुख पाहुणे चहाचा कप सावरत आले.
"वा! घराणं कुठलं?"
शौकतने आधी पाणी संपवलं.
"खोली नंबर चौदा," म्हणाला. "वरचा पलंग."
पाहुणे हसले, मनापासून हसले,
पन्नास दिनार वर दिले.
मी पावती फाडली.

नंतर तीनताल.
पहिल्या रांगेतल्या एक बाई मांडीवर ताल धरून,
एकला टाळी, पाचला टाळी,
नऊला तळवा उलटा, हवेत, रिकामा.
तेवढ्या फटीतून मी पाहिलं,
शौकत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.
दहाला पाच कमी.

दहाला टेकबहादूर उठतो, बेकरीत जातो,
तेव्हा तो वरचा पलंग शौकतचा होतो,
सकाळी सहापर्यंत.
गादीला खमिराचा वास, उशीत दुसऱ्याच्या डोक्याचा खळगा,
कूस बदलली की सापडते त्याची ऊब.
सहा वर्षं असंच.
एकाच अंथरुणात झोपतात,
आणि एकमेकांना झोपलेलं कधी पाहिलेलं नाही.

पण टेकबहादूर तर तिथेच उभा होता,
दरवाजाजवळ, पाठीला पिशवी, डोळे तांबारलेले.
झोप मोडून आला होता.
म्हणजे त्या घटकेला
खोली नंबर चौदामधला वरचा पलंग
कुणाचाच नव्हता.
गार पडत असेल.
चादर तरी नीट केली असेल का कुणी?

वैजयंती तान घेऊन कुठेकुठे हिंडली,
समेवर अशी आली
की सगळ्या माना एकदम हलल्या,
खुर्च्यांतल्या आणि भिंतीलगतच्या.
टेकबहादूर टाळ्या वाजवत वाजवतच
दाराबाहेर गेला. उशीर झाला होता.

जमा: तीन हजार चारशे बारा दिनार, पाचशे फिल्स.
मुहर्रकला तीन फ्लॅट, तीस पलंग,
एका माणसाला एक.
एकशे अठरातून तीस गेले.
उरलेल्यांची यादी माझ्या खिशात आहे,
तिच्यात पहिलं नाव मी शोधलं नाही,
शेवटचंही नाही.

सभागृह रिकामं करायला साडेदहा.
शौकतने तबला-डग्गा माझ्या डिकीत ठेवला.
त्याच्या खोलीत जोडीला जागा कुठून असणार?
माझ्या कपाटाचा तळचा कप्पा त्यांचा,
भाडं मी मागत नाही.
दर खेपेस झाकण लावण्याआधी
तो दोघांवरून हात फिरवतो,
आजही फिरवला,
चिकटपट्टी सुटून लोंबत होती.
"झोपा आता," म्हणाला,
"पाय पसरून."